नवी प्रवासी गाडी सुरू करायची तर परवाना कोण देतं आणि रूळ कोण देतं?

यॉर्ककर (धागाकर्ता)

'खासगी रेल्वे' हा शब्द निघाला की आपल्याकडची चर्चा लगेच 'रेल्वे विकली की नाही विकली' यावर जाते. मला त्याच्या आधीचा प्रश्न मांडायचा आहे. समजा एका कंपनीकडे पैसा आहे, डबे आहेत, माणसं आहेत. तिला दोन शहरांदरम्यान रोज चार प्रवासी गाड्या चालवायच्या आहेत. रूळ मात्र तिचे नाहीत. तिने कुणाकडे जायचं? काय सिद्ध करायचं? आणि नकार मिळाला तर त्याचं कारण मागायचा हक्क तिला आहे का?

मी बरीच वर्षं इंग्लंडात यॉर्कला राहतो. इथे १९९३ च्या रेल्वे कायद्याने रूळ आणि गाड्या वेगळ्या केल्या. रूळ आज नेटवर्क रेल या सरकारी कंपनीकडे आहेत. बहुतेक गाड्या सरकारी कंत्राटावर किंवा आता थेट सरकारी कंपन्यांकडून चालतात. त्याशिवाय काही कंपन्या अशा आहेत की ज्यांना सरकारने ना बोलावलं, ना अनुदान दिलं. त्या स्वतःच्या जोखमीवर गाडी चालवतात. यालाच इथे 'ओपन ॲक्सेस' म्हणतात. हल ट्रेन्स (२०००), ग्रँड सेंट्रल (२००७), लुमो (२०२१) ही नावं लंडन-यॉर्क-एडिंबरा या ईस्ट कोस्ट मार्गावर नेहमी दिसतात.

अशा कंपनीला तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळवाव्या लागतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिली गोष्ट परवाना. तो ऑफिस ऑफ रेल अँड रोड, म्हणजे ओआरआर हा नियामक देतो. त्यात चार गोष्टी पाहतात: चालवणाऱ्यांची सचोटी, आर्थिक ताकद, कामातली कुवत आणि विमा. तृतीय पक्षाच्या नुकसानीसाठी किमान १५.५ कोटी पौंडांचा विमा लागतो. काम किचकट आहे, पण कागद नीट असतील तर परवाना मिळतो.

दुसरी गोष्ट सुरक्षा प्रमाणपत्र, २००६ च्या नियमांखालचं. चालकांचं प्रशिक्षण कसं, गाडी बिघडली तर काय करणार, थकव्याचं नियोजन कसं, हे सगळं लेखी दाखवावं लागतं. हेही ओआरआरच पाहतं.

खरी लढाई तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे ट्रॅक ॲक्सेसची. अमुक स्टेशनावरून अमुक स्टेशनापर्यंत, दिवसाला इतक्या गाड्या, इतकी वर्षं, असा नेटवर्क रेलशी करार. दोघांचं जमलं तर कायद्याच्या कलम १८ खाली तो करार ओआरआरच्या मंजुरीला जातो. नाही जमलं तर कंपनी कलम १७ खाली थेट ओआरआरकडे जाते, आणि ओआरआर नेटवर्क रेलला 'हा करार करा' असा आदेश देऊ शकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: परवाना हा यातला सोपा भाग. नव्या गाडीचं भवितव्य पाथ कोण वाटतं यावर ठरतं, आणि वाटणारा स्वतः गाड्या चालवणारा नसावा. आपल्याकडे २०२० साली खासगी प्रवासी गाड्यांच्या योजनेचं जे झालं आणि मग जे झालं नाही, ते मला याच नजरेतून समजून घ्यायचंय. जाणकारांनी लिहावं.

वडाचीसावली

वाचतेय. 'पाथ' म्हणजे नेमकं काय ते कुणीतरी सोपं करून सांगा ना.

जुना_कंट्रोलर

मी सांगतो. आयुष्य सेक्शन कंट्रोलमध्ये गेलं, आता निवृत्त आहे.

कंट्रोलरसमोर चार्ट असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरकी रेघ. गाडी जलद असेल तर रेघ खडी, मालगाडी असेल तर लोळलेली. थांबा आला की रेघ तेवढी मिनिटं आडवी होते. या चार्टवर दुसऱ्या कुठल्याही रेघेला न छेदता, मधलं सुरक्षित अंतर राखून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओढता येणारी रेघ म्हणजे पाथ.

आता लोकांचा गैरसमज इथे होतो. त्यांना वाटतं, दोन गाड्यांमध्ये वीस मिनिटं मोकळी दिसतात, मग त्यात तिसरी का नाही बसत? बसेल, जर तिन्हींचा वेग आणि थांबे सारखे असतील. मुंबई लोकलच्या स्लो लाइनवर तीन-चार मिनिटांनी गाडी काढता येते ती यामुळेच. पण पुढे लोकल, मध्ये मालगाडी, मागे सुपरफास्ट अशी मिसळ असेल तर सुपरफास्टच्या पुढे केवढीतरी वेळ रिकामी ठेवावी लागते, नाहीतर ती मालगाडीच्या मागे येऊन सिग्नलला उभी राहणार. चार्टवर ती जागा मोकळी दिसते, पण ती वापरलेलीच असते.

कल्याण ते कर्जत घ्या. दोनच रूळ. त्यावर कर्जत-खोपोलीच्या लोकल, पुण्याकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस, वर मालगाड्या. कर्जतला घाटासाठी मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायची, कारण पुढे ३७ ला १ चढ. तो वेळ वेगळा. पुढे लोणावळा-पुणे परत दोनच रूळ आणि परत लोकल. मुंबई-पुणे नवी गाडी मागणारे निवेदन घेऊन यायचे तेव्हा मी त्यांना हा चार्ट दाखवायचो. कुणाचं मन मोडायचं नव्हतं. जागा खरोखर नव्हती.

यॉर्ककर

काका, फार सुंदर समजावलंत. तुमच्या कल्याण-कर्जतसारखीच जागा इथे लंडनच्या उत्तरेला वेलविनला आहे. ईस्ट कोस्ट मार्गाचे चार रूळ तिथे डिग्सवेल पुलावर दोन होतात. १८५० मध्ये उघडलेला चाळीस कमानींचा पूल आहे, आणि त्याच दोन रुळांच्या तुकड्यात वेलविन नॉर्थ हे स्टेशनही. तिथे एक लोकल थांबली की मागच्या एडिंबराच्या गाडीचा पाथ गेला. त्यामुळे लंडन-यॉर्क-एडिंबरा मार्गावरच्या प्रत्येक नव्या अर्जाचा निकाल या एका पुलाशी येऊन अडतो.

सातारकरीण

मला तांत्रिक बाजू कळली, पण एक प्रश्न सलतोय. खासगी कंपनी येणार ती मुंबई-दिल्ली, मुंबई-अहमदाबादवर. सातारा, कोरेगाव, मिरजेच्या पॅसेंजरसाठी कुणी अर्ज करणार नाही. एसीचा प्रवासी नव्या कंपनीने नेला, तर त्याच्या तिकिटावर ज्या तोट्यातल्या गाड्या चालतात त्यांचं काय? इंग्लंडात हा विचार कुणी केला आहे का?

यॉर्ककर

ताई, केलाय, आणि त्यावर पंचवीस वर्षं भांडणं चालू आहेत.

ओआरआरची एक कसोटी आहे. नवी गाडी मुख्यतः दुसऱ्यांचे प्रवासी ओढून जगणार असेल तर तिला पाथ नाही. ते असं मोजतात: नव्या गाडीने एकूण जे उत्पन्न कमवायचं त्यातलं किती नव्याने निर्माण झालेलं, म्हणजे मोटार सोडून किंवा विमान सोडून आलेले, किंवा एरवी प्रवासच न केलेले लोक, आणि किती आधीच्या कंपन्यांकडून ओढलेलं. ओढलेल्या प्रत्येक पौंडामागे निदान ३० पेन्स नवे असावेत अशी साधारण सीमा आहे. एवढ्यावर निकाल लागत नाही, सरकारच्या तिजोरीवरचा परिणाम आणि वक्तशीरपणाही बघतात, पण या आकड्याच्या खाली असलेला अर्ज टिकणं कठीण.

या कसोटीचा परिणाम नकाशावर दिसतो. नव्या कंपन्यांना थेट लंडन-यॉर्क-न्यूकॅसलची मलई मागता येत नाही, कारण तिथे नवं काहीच निर्माण होत नाही. मग त्या अशी गावं शोधतात की ज्यांना राजधानीची थेट गाडी नाही. ग्रँड सेंट्रलने संडरलंड, हार्टलपूल, ईगल्सक्लिफ जोडली. हे कोळसा आणि जहाजबांधणी गेल्यावर मागे राहिलेले भाग आहेत. हल शहरातून आधी लंडनला दिवसाला एक थेट गाडी होती. हल ट्रेन्सने २००० मध्ये तीन गाड्यांनी सुरुवात केली, आता कामाच्या दिवशी त्यांच्याच सहा-सात असतात. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे, 'साताऱ्याचं काय', त्याला या एका नियमाने निदान अर्धं उत्तर दिलं. नियम नसता तर हलच्या वाट्याला कुणी आलं नसतं.

उरलेलं अर्धं मात्र खरंच अडचणीचं आहे. त्या वेळची ईस्ट कोस्टची मोठी कंपनी जीएनईआर २००६ मध्ये कोर्टात गेली. तिचं म्हणणं होतं की आम्ही रुळांचा ठरावीक खर्चही भरतो आणि सरकारला कोट्यवधींचा हप्ताही देतो, आणि ग्रँड सेंट्रल फक्त गाडी धावल्याने होणाऱ्या झिजेचे पैसे देऊन त्याच रुळावर येणार, हा न्याय नाही. कोर्टात ती हरली, पण मुद्दा मला तेव्हाही रास्त वाटला. नियामकालाही अखेर पटला. २०१९ पासून मोठ्या शहरांदरम्यानच्या नव्या ओपन ॲक्सेस गाड्यांना रुळांच्या ठरावीक खर्चातला वाटाही प्रतिमैल भरावा लागतो.

मूर्तिजापूरकर

विदर्भातलं एक उलटं उदाहरण सांगतो. आमची शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज. तिथे रूळ ब्रिटिश काळातल्या खासगी कंपनीच्या मालकीचे आणि त्यावर गाडी चालवायची भारतीय रेल्वे! स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशकं कंपनीशी करार चालू राहिले. रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, हे आमच्या आजोबांनीही पाहिलंय. फक्त करारात देखभालीची जबाबदारी कुणावर, हे नीट नसलं की काय होतं तेही आम्ही पाहिलं. रूळ खंगत गेले, वेग उतरत गेला आणि गाडी बंद पडली. ब्रॉडगेजची वाट अजून बघतोय.

करारनामा

पायाभूत प्रकल्पांच्या करारांवर काम करतो, त्यामुळे २०२० च्या योजनेचे कागद बारकाईने वाचले होते. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

१ जुलै २०२० ला रेल्वे मंत्रालयाने अर्ज मागवले. १०९ जोड्या (येणं-जाणं), १५१ आधुनिक गाड्या, मार्गांचे १२ गट म्हणजे क्लस्टर, त्यात मुंबईचे दोन. खासगी गुंतवणूक सुमारे ३०,००० कोटी रुपये अपेक्षित. गाड्या चालवायच्या हक्काचा करार ३५ वर्षांचा. प्रत्येक गाडीला किमान १६ डबे, वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत. चालक आणि गार्ड रेल्वेचे. भाडं ठरवायची मोकळीक कंपनीला. कंपनीने रेल्वेला तीन प्रकारे पैसे द्यायचे: ठरावीक हॉलेज शुल्क (रेल्वेच्या रुळावरून गाडी नेण्याचं), जेवढी वापरली तेवढ्या विजेचा आकार आणि उत्पन्नातला वाटा. हा वाटा जो जास्त देईल त्याला क्लस्टर.

पहिल्या फेरीत १२० अर्ज आले. म्हणजे रस होता. पण जुलै २०२१ मध्ये प्रत्यक्ष आर्थिक बोली उघडल्या तेव्हा बारापैकी तीनच क्लस्टरना बोली आली: मुंबई-२, दिल्ली-१ आणि दिल्ली-२. बोली लावणारे दोघंच, एक मेघा इंजिनिअरिंग आणि दुसरी आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. त्यानंतर योजना गुंडाळली गेली.

कोविड हे कारण आहेच, नाकारत नाही. पण वर्षभरात एवढी गळती का? करार वाचणाऱ्याला कारण दिसतं. तुमची गाडी ज्या रुळावर धावणार तो रेल्वेचा. सिग्नल रेल्वेचा. चालक रेल्वेचा. कंट्रोलर रेल्वेचा. तुमच्या पुढे-मागे धावणारी स्पर्धक गाडीही रेल्वेची. तुमच्यावर वक्तशीरपणाची अट, चुकलात तर दंड. आणि उशीर कुणामुळे झाला यावर वाद झाला तर? कायद्याने उभा असलेला, दोघांपेक्षा वेगळा नियामक नाही. करारातल्या वाद-निवारणाच्या कलमावर भिस्त ठेवून ३५ वर्षांचं कर्ज उभं करायचं. कुठल्याही बँकेच्या पतसमितीत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो.

आणि ही उणीव कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र नियामक आधी आणा असं स्पष्ट लिहिलं होतं. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, एप्रिल २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने रेल डेव्हलपमेंट अथॉरिटीला मंजुरीही दिली. पण ती कायद्याने नव्हे, कार्यकारी आदेशाने व्हायची होती, भूमिका सल्ल्याची, आणि ती प्रत्यक्षात उभी राहिलीच नाही. म्हणजे २०२० मध्ये खेळाडूंना बोलावलं तेव्हा पंच नेमलेलाच नव्हता.

मालवाहतुकीत हेच आधी घडून गेलं होतं. २००७ पासून खासगी कंपन्यांना कंटेनर गाड्या चालवायचे परवाने दिले. देशभरासाठी ५० कोटी, मर्यादित मार्गांसाठी १० कोटी शुल्क. परवाने झटपट मिळाले. मग हॉलेजचे दर रेल्वे ठरवणार, कुठला माल कंटेनरमधून न्यायचा नाही हेही रेल्वे ठरवणार, आणि समोर कॉनकॉर ही रेल्वेचीच कंपनी. धागाकर्त्याचं म्हणणं की परवाना सोपा असतो, ते आपल्या इथे तेव्हाच सिद्ध झालं.

दिंडीरवाना

+१ करारनामा. असे प्रतिसाद वाचायला इथे येतो.

मग तेजस आणि भारत गौरव कशात बसतात?

करारनामा

तेजस (लखनौ-नवी दिल्ली, ऑक्टोबर २०१९, अहमदाबाद-मुंबई, जानेवारी २०२०) आयआरसीटीसीची. रेल्वेच्या घरातलीच. तरी एक चांगली प्रथा तिने आणली: तासापेक्षा जास्त उशीर झाला तर १०० रुपये, दोन तासांपेक्षा जास्त झाला तर २५० रुपये भरपाई. ती मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली.

भारत गौरव नोव्हेंबर २०२१ ची योजना. त्यात रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, भाड्याने घेऊन ठरावीक विषयावरच्या पर्यटन-फेऱ्या चालवायच्या. पहिली खासगी गाडी जून २०२२ मध्ये कोइमतूरहून साईनगर शिर्डीला आली. फेरीची गाडी असल्याने वेळापत्रकातला रोजचा कायमचा पाथ लागत नाही, म्हणून ती योजना जमली. रोजच्या प्रवासी सेवेचा प्रश्न तिने सोडवला नाही, सोडवायचा तिचा हेतूही नव्हता.

जुना_कंट्रोलर

करारनामा, एका मुद्द्यावर थांबवतो. तुम्ही लिहिलंत की कंट्रोलर रेल्वेचा. खासगी गाडीला मुद्दाम लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन उभी करणारा कंट्रोलर मी तरी पाहिलेला नाही. कंट्रोलर अग्रक्रमाने चालतो. राजधानी पुढे, मेल मागे, पॅसेंजर त्यामागे, मालगाडी शेवटी. अपघात मदत गाडी सगळ्यांच्या पुढे. नव्या गाडीचा अग्रक्रम वर्किंग टाइमटेबलला लिहून द्या, आम्ही तसं चालवतो.

अडचण वेगळी आहे. उशीर कुणाच्या खात्यावर टाकायचा हे रोज रात्री विभागांमध्ये भांडून ठरतं. सिग्नल म्हणतं इंजिनिअरिंगचा, इंजिनिअरिंग म्हणतं ऑपरेटिंगचा. घरातलं भांडण म्हणून ते खपतं. बाहेरच्याच्या खिशाला त्यातून दंड बसणार असेल तर नोंद फार काटेकोर लागेल. इंग्लंडात हे कसं करतात?

यॉर्ककर

काका, त्यासाठी करारातच एक वेगळं परिशिष्ट असतं, शेड्यूल ८. तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला की त्याचं कारण शोधून कुणाच्या तरी नावावर टाकावंच लागतं. हे काम करणारी माणसं नेटवर्क रेलमध्येही असतात आणि गाडीच्या कंपन्यांमध्येही. सिग्नल बिघडला तर नेटवर्क रेल पैसे मोजतं. गाडी बिघडून मागच्यांना अडवलं तर ती कंपनी मोजते. दर आधी ठरलेले असतात, वाद झाला तर वर नेण्याची पायरी ठरलेली असते. शेड्यूल ४ दुसरं: रुळांच्या कामासाठी मार्ग बंद ठेवला तर कंपनीला काय भरपाई, ते त्यात. आपल्या मेगाब्लॉकसारखी स्थिती, पण बिलासकट.

याच्यावरही टीका होते की अर्धी ताकद दोषारोपात जाते. मला मात्र ती किंमत योग्य वाटते. ज्या उशिराचा कुणीच धनी नसतो तो उशीर वर्षानुवर्षं तसाच राहतो.

सरकारी_गाडी

सगळे एका सुरात बोलताहेत म्हणून विरोधी मत मांडतो.

ज्या ब्रिटनचं उदाहरण देताय ते स्वतः मागे फिरलंय. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी प्रवासी सेवा सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा केला. मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे पहिली सरकारकडे आली, मग सी-टू-सी, मग ग्रेटर अँग्लिया. ग्रेट ब्रिटिश रेल्वेज नावाची एकच संस्था रूळ आणि गाड्या दोन्ही बघणार. का? कारण तुकडे करून त्यांना वेळापत्रक जुळवता आलं नाही, तिकिटं महाग झाली. नेटवर्क रेलच्या आधी रूळ ज्या खासगी कंपनीकडे होते त्या रेलट्रॅकच्या काळात खासगी रुळांनी २००० साली हॅटफिल्डचा अपघात दाखवला. आणि आपण जी गोष्ट एकसंध आहे ती तोडायच्या गोष्टी करतोय.

दुसरं, लुमो. लंडन-एडिंबरा, मध्ये मोजके थांबे, एकच वर्ग, पाच नव्या गाड्या. छान चालते, मान्य. पण तोट्यातली एकही गाडी तिला चालवावी लागत नाही. सातारकरीण ताईंचा प्रश्न मला अजून सुटलेला वाटत नाही.

यॉर्ककर

तुमचे दोन्ही मुद्दे गंभीर आहेत, सरळ उत्तर देतो.

सार्वजनिक मालकीला माझा विरोध नाही. सरकारी कंत्राटाच्या गाड्या सरकारने चालवाव्यात, उत्तम. रूळ तर २००२ पासून नेटवर्क रेलकडे आहेतच, आणि हॅटफिल्डनंतर ते व्हायलाच हवं होतं. मला काळजी नव्या विधेयकातल्या एका तरतुदीची आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटात मांडलेल्या रेल्वे विधेयकाप्रमाणे पाथ कुणाला द्यायचा हे ग्रेट ब्रिटिश रेल्वेज ठरवणार, आणि ओआरआर फक्त अपील ऐकणार. म्हणजे मुख्य स्पर्धक वाटप करणार. इथल्या ओपन ॲक्सेस कंपन्यांचा आक्षेप नेमका हाच आहे, आणि करारनामांनी २०२० च्या भारताबद्दल जे लिहिलं तीच स्थिती इथे यायची शक्यता आहे. तीस वर्षं जे नीट चाललं ते मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि ओआरआर खासगीवाल्यांची बाजू घेतं असंही समजू नका. जुलै २०२५ चा निकाल बघा. वेस्ट कोस्ट मार्गावर लंडनच्या युस्टनमधून गाड्या सुरू करायला तिघांनी अर्ज केले होते: व्हर्जिन, फर्स्ट ग्रुप आणि रेक्सहॅम-श्रॉपशायरसाठी एक नवी कंपनी, जिच्यामागे रेल्वेगाड्या बनवणारी अल्स्टॉम होती. तिघांनाही नकार. कारण जुना_कंट्रोलर काकांनी वर लिहिलं तेच: मार्गाच्या दक्षिण टोकाला जागा उरलेली नाही, आणखी गाडी घातली तर सगळ्यांचा वक्तशीरपणा जाईल. त्यात रेक्सहॅमच्या लोकांचं मला खरंच वाईट वाटलं. कारण त्यांनी हे एकदा भोगलंय. २००८ मध्ये रेक्सहॅम अँड श्रॉपशायर नावाची छोटी कंपनी लंडनच्या मेरिलबोनपर्यंत गाडी चालवायची. गाडीत शिजवलेलं जेवण, प्रेमाने वागणारे कर्मचारी, प्रवाशांच्या पाहणीत अव्वल. पण मोठ्या कंपनीच्या कंत्राटाला संरक्षण होतं, म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनला लंडनचा प्रवासी चढवायची तिला परवानगी नव्हती. मार्गही लांबचा, वेळ जास्त. जानेवारी २०११ मध्ये तोट्याने बंद झाली. परवाना होता, प्रमाणपत्र होतं, पाथही होता. पण मधल्या मोठ्या स्टेशनावर दार उघडायचा हक्क नव्हता.

तरी फरक बघा. २०२५ च्या नकाराचं पत्र जाहीर आहे. नेटवर्क रेलने काय आकडे दिले, कंपन्यांनी काय उत्तर दिलं, नियामकाने कुठला मुद्दा मान्य केला आणि कुठला नाही, सगळं सामान्य माणसाला वाचता येतं. रेक्सहॅमचा नागरिक ते वाचून 'अमुक ठिकाणी रूळ वाढवा' अशी नेमकी मागणी करू शकतो.

प्रागवासी

मध्य युरोपातून थोडी भर. इथे प्राग-ऑस्ट्रावा मार्गावर २०११ मध्ये रेजिओजेट आली, पुढच्या वर्षाअखेरीस लिओ एक्स्प्रेस. सरकारी कंपनी धरून तिघं एकाच रुळावर. तिकिटं स्वस्त झाली, डब्यातली सेवा सुधारली, ती सरकारी कंपनीचीही. पण रुळांवर गर्दी झाली.

इटलीत इटालो एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाली, हायस्पीडवर सरकारी ट्रेनिटालियाशी थेट स्पर्धा. पहिली वर्षं तोट्यात, बंद पडते की काय अशी स्थिती. मग तिथल्या नव्या स्वतंत्र नियामकाने २०१४ मध्ये हायस्पीड रुळांचं शुल्क बरंच खाली आणलं. ते सगळ्यांसाठीच, ट्रेनिटालियासाठीही. त्यानंतर इटालो सावरली, २०१८ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीने ती सुमारे २ अब्ज युरोंना घेतली. शुल्क किती, यावर सगळा खेळ आहे. पाथ मिळाला पण प्रतिकिलोमीटर दर न परवडणारा असेल तर तो नकारच.

रत्नांग्रीची

कोकण रेल्वेचं कुणीच काढलं नाही म्हणून मी काढते. आमच्याकडे रूळ आणि गाडी यांचा हिशोब वेगळा ठेवायची सवय आधीपासून आहे. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर कोकण रेल्वे महामंडळाचे. त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ ही राज्यं भागीदार. मध्य, पश्चिम, दक्षिण रेल्वेच्या गाड्या आमच्या रुळावरून जातात आणि त्याचा हिशोब दोघांत होतो. देशात दुसरं उदाहरण मालवाहू समर्पित मार्गाचं. त्या मार्गाच्या डीएफसीसीआयएल या कंपनीला रेल्वे रूळ वापराचे पैसे देतेच.

पण जुना_कंट्रोलर काका म्हणतात ते आम्ही दर गणपतीला सोसतो. रोहा-वीर दुपदरी झालं २०२१ मध्ये, पुढे बहुतेक एकेरीच. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबावंच लागतं. गणपती स्पेशल जाहीर झाल्या की आनंद होतो, आणि मग त्यातल्या काही तासन्‌तास उशिरा पोचतात. पावसाळी वेळापत्रकात वेग आधीच उतरवलेला. इथे उद्या कुणी खासगी गाडी मागितली तर सावंतवाडी-दिवा पॅसेंजरचा पाथ कापून ती देऊ नका, एवढंच माझं मागणं. आमची म्हातारी माणसं त्याच गाडीने मुंबईच्या डॉक्टरकडे जातात.

सातारकरीण

रत्नांग्रीची, अगदी मनातलं बोललात.

यॉर्ककर, तुम्ही सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. माझं मत थोडं हललं आहे, पूर्ण नाही. नियामक असावा हे पटलं. मात्र त्याच्या कसोटीत 'उत्पन्न ओढलं का' एवढंच नको. 'कुठल्या पॅसेंजरची वेळ मागे-पुढे केली, कुठला थांबा गेला' हेही लिहिलं पाहिजे, आणि त्या स्टेशनच्या लोकांचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक हवं. तसं असेल तर खासगी गाडीला माझी हरकत नाही.

करारनामा

ताई, हे कायद्याच्या मसुद्यात सहज लिहिता येईल, आणि लिहायलाच हवं.

एक गोष्ट मला आशादायक वाटते. स्वतंत्र संस्थेचं तत्त्व भारतीय रेल्वेला नवीन नाही. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत. ही फारकत १९४१ ची आहे. 'जो गाडी चालवतो त्यानेच ती सुरक्षित असल्याचा दाखला देऊ नये' हे आपण इतकी वर्षं मानतोय. पाथवाटप आणि शुल्क यांना तेच लागू करायला तत्त्वतः काय अडचण आहे? मालकी सरकारकडेच राहू दे, चालक-गार्ड रेल्वेचेच राहू देत. फक्त वाटप करणारा आणि वाद ऐकणारा वेगळा, कायद्याने उभा केलेला.

सरकारी_गाडी

सुरक्षा आयुक्तांचा मुद्दा चांगला आहे, तो मी आधी या अंगाने पाहिला नव्हता. तरी माझा क्रम वेगळा राहील: आधी रूळ वाढवा, मग वाटपाचं बोला. नाहीतर नियामक बसून फक्त नकाराची पत्रं लिहील.

जुना_कंट्रोलर

रूळ वाढवा हे खरं, पण कुठे वाढवायचे ते ठरवायलाही आधी आकडे बाहेर यायला हवेत. प्रत्येक सेक्शनची क्षमता आपल्याकडे मोजतात. स्कॉटचं सूत्र नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यावर माझी सगळी नोकरी गेली. सेक्शनवर किती गाड्या बसतात, किती चालतात, किती टक्के भरला, हे रेल्वेला ठाऊक असतं. ते दर वेळापत्रकाबरोबर प्रत्येक सेक्शनचं, सगळ्यांना समजेल अशा रूपात छापा, आणि नवी गाडी नाकारली तर कुठल्या दोन स्टेशनांमध्ये पाथ तुटतो ते लिहून द्या. यासाठी नवा कायदाही लागत नाही. मी नोकरीत असताना निवेदन घेऊन आलेल्यांना चार्ट दाखवला की त्यातले समजूतदार लोक पुढच्या वेळी 'गाडी द्या' ऐवजी 'अमुक ठिकाणी लूप लाइन द्या' असं निवेदन घेऊन यायचे. त्यातल्या काही लूप झाल्या.

वडाचीसावली

काका, आता मला चार्ट कळतो! यॉर्ककर, ती ओआरआरची पत्रं वाचायची तर सुरुवात कुठून करावी?

यॉर्ककर

ओआरआरच्या संकेतस्थळावर ट्रॅक ॲक्सेसच्या विभागात निकाल तारखेनुसार लावलेले आहेत. पहिल्यांदा मे २०१६ चं ईस्ट कोस्टचं पत्र वाचा. त्यात एकाच मार्गासाठी आलेले अनेक अर्ज शेजारी-शेजारी तोलले आहेत. आजच्या लुमोला त्याच निकालाने हक्क मिळाले आणि अलायन्स नावाच्या कंपनीचा अर्ज त्यातच नाकारला गेला. त्यानंतर जुलै २०२५ ची वेस्ट कोस्टची पत्रं. भाषा कोरडी आहे, पण काकांची चार्टची पोस्ट बाजूला उघडी ठेवून वाचलीत तर अडणार नाही. अडलं तर इथेच विचारा, परिच्छेद क्रमांक लिहा म्हणजे मला शोधायला सोपं जाईल.